झोपडी आणि वड



मागच्या आठवड्यात आपल्या रेडिओवर एका ताईंचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, "टीव्हीवर सारखं सांगतात, हा पक्ष त्या पक्षात विलीन झाला. विलीन झाला म्हणजे नेमकं काय झालं? आणि आम्ही ज्या चिन्हासमोरचं बटण दाबलं, त्या मताचं काय झालं?" प्रश्न सरळ आहे, पण उत्तर तसं सरळ नाही. त्यातून आपल्या रेडिओवर आजच्या पक्षांविषयी बोलायचं नसतं, तसा नियमच आहे. नियम नसता तरी मी बोलले नसते. गटात सगळ्या घरांतल्या बाया असतात. एकीच्या दारावर एक झेंडा, दुसरीच्या दारावर दुसरा. म्हणून मी सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट घेतली आहे. ती सांगायला आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईल.

त्या पक्षाचं नाव किसान मजदूर प्रजा पक्ष. नाव मोठं आणि आयुष्य छोटं. जून १९५१ मध्ये पाटण्याला जन्मला आणि सप्टेंबर १९५२ मध्ये मुंबईत दुसऱ्या पक्षात मिसळून गेला. पंधरा महिने. आपल्या गटाचं एक कर्ज फिटायला याहून जास्त दिवस लागतात.

त्याची सुरुवात समजायला थोडं मागे जावं लागेल. आचार्य कृपलानी हे गांधीजींच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एक. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष तेच होते. पण सरकार पक्षाला विचारत नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि १९४७ च्या नोव्हेंबरातच त्यांनी अध्यक्षपद सोडलं. पुढे १९५० साली ते पुन्हा अध्यक्षपदासाठी उभे राहिले. समोर पुरुषोत्तमदास टंडन होते आणि तिसरे उमेदवार आपले महाराष्ट्राचे शंकरराव देव. टंडन यांना १३०६ मतं पडली, कृपलानींना १०९२ आणि देवांना २०२. देवांची सगळी मतं कृपलानींना मिळाली असती तरी बारा कमीच पडली असती. त्या वर्षीचं काँग्रेसचं अधिवेशन नाशिकला भरलं आणि टंडन अध्यक्ष झाले.

कृपलानींचं म्हणणं असं होतं की, काँग्रेस गांधीजींच्या रस्त्यावरून उतरली आहे. खादी, ग्रामोद्योग, खेड्यातला कष्टकरी माणूस हे सगळं भाषणापुरतं उरलं आहे आणि पक्षात पदांची भूक वाढली आहे. त्यांनी आधी पक्षाच्या आत एक आघाडी काढली. ती चालली नाही, तेव्हा बाहेर पडले. त्यांच्याबरोबर बंगालचे प्रफुल्लचंद्र घोष आले, आंध्रचे टी. प्रकाशम आले, केरळचे केळप्पन आले. ही काही लहान माणसं नव्हती. घोष हे पश्चिम बंगालचे पहिले मुख्यमंत्री होते, तर प्रकाशम यांनी मद्रास प्रांताचं सरकार चालवलं होतं. उत्तर प्रदेशचे रफी अहमद किडवाईही आले होते, पण ते लवकरच माघारी फिरले. त्याच सुमारास टंडन यांनी अध्यक्षपद सोडलं आणि नेहरू स्वतः काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आता तुम्ही विचार करा. टंडन यांच्यावर नाराज होऊन जे बाहेर पडले होते, त्यांच्या नाराजीचं निम्मं कारणच नाहीसं झालं. पण घर सोडलं होतं आणि वेगळी चूल मांडून झाली होती.

या पक्षाला डावा का म्हणायचं, असं कुणी विचारेल. डावा म्हणजे ढोबळपणे, गरिबाच्या बाजूनं कायदा व्हावा, जमीन आणि कारखाना थोड्या लोकांच्या मुठीत राहू नये, असं म्हणणारा. या पक्षाचं डावेपण गांधीजींच्या वळणाचं होतं. मार्क्सची पुस्तकं वाचून आलेले लोक निराळे. ते तेव्हा दोन ठिकाणी होते, कम्युनिस्ट पक्षात आणि समाजवादी पक्षात. समाजवादी पक्षात जयप्रकाश नारायण, राममनोहर लोहिया, अशोक मेहता, आणि आपल्याकडचे एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे. ही मंडळीही एके काळी काँग्रेसच्या आतच होती. १९४८ मध्ये बाहेर पडली. म्हणजे एकाच वाड्यातून तीन वर्षांच्या अंतरानं निघालेली ही दोन बिऱ्हाडं.

आता निवडणुकीकडे येऊ. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. मतदार सतरा कोटींहून जास्त आणि बहुतेकांना अक्षरओळख नाही. म्हणून प्रत्येक पक्षाला चित्र दिलं. काँग्रेसची बैलजोडी. कम्युनिस्टांचं कणीस आणि विळा. समाजवाद्यांचं वडाचं झाड. आणि किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी. तेव्हा बटण नव्हतं आणि शिक्का मारायचाही नव्हता. खोलीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असायची आणि पेटीवर चित्र डकवलेलं. हातात मिळालेली चिठ्ठी आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची. वडाच्या पेटीत टाका, नाहीतर झोपडीच्या. मला वाटतं, त्या काळच्या एखाद्या बाईला ते सोपं गेलं असेल. वड तर ती दर वर्षी पूजत होती आणि झोपडीत राहत होती.

पण सगळ्या बायांना ती पेटी दिसलीच नाही. ही हकिगत मी जिथे जाते तिथे सांगते. मतदार यादी करायला माणसं घरोघर गेली, तेव्हा उत्तरेकडच्या कित्येक भागांत बायांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीत नव्हती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की, स्वतःचं नाव नसेल तर यादीत घ्यायचं नाही. नाव सांगण्यासाठी मुदत वाढवून दिली, तरीही साधारण २८ लाख बायांची नावं गळली. लोक तेव्हा त्यांच्यावर खूप चिडले. मला मात्र ते बरोबर वाटतं. त्या वेळी नुसतं 'रामरावची बायको' लिहून घेतलं असतं, तर आज आपल्या पासबुकावरही तेच आलं असतं. पुढच्या निवडणुकीला त्यातल्या पुष्कळ बायांनी आपली नावं लावली.

निकाल लागला. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ काँग्रेसला. समाजवादी पक्षाला १२, किसान मजदूर प्रजा पक्षाला ९. कृपलानी स्वतः पडले. मुंबईत अशोक मेहता पडले, आणि त्याच मतदारसंघात समाजवाद्यांशी युती करून उभे राहिलेले बाबासाहेब आंबेडकरही पडले. एवढी मोठी माणसं, आणि लोकसभेत नाहीत.

आता मतांचा हिशेब ऐका, कारण हिशेब आपल्याला कळतो. देशभरात समाजवाद्यांना शंभरातली साडेदहा मतं पडली होती. झोपडीला जवळपास सहा. कम्युनिस्टांना तीन आणि थोडी वर. पण जागा? कम्युनिस्टांना १६! समाजवाद्यांच्या एक तृतीयांश मतांत त्यांच्याहून चार जागा जास्त. हे कसं झालं? कम्युनिस्टांनी पन्नासच्या आत जागा लढवल्या, जिथे त्यांची माणसं होती तिथेच. समाजवाद्यांनी अडीचशेच्या वर लढवल्या. पाट सुटल्यावर सगळ्या रानात एकदम बारं धरलं तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. माती वरून ओली दिसते आणि मूळ कोरडं राहतं.

मग दोघांच्या मनात एकच विचार आला. साडेदहा आणि सहा म्हणजे साडेसोळा. कम्युनिस्टांहून पाचपट. आपण एक झालो तर काँग्रेसनंतरचा सर्वांत मोठा पक्ष आपलाच. नाहीतरी आपण एकाच घरातून निघालेलो, दोघांनाही गरिबाचं भलं हवं, मग दोन दुकानं कशाला? १९५२ च्या उन्हाळ्यापासून बोलणी सुरू झाली आणि सप्टेंबरात मुंबईत दोन्ही पक्ष मिळून एक झाले. नवं नाव प्रजा समाजवादी पक्ष. एकाचा 'प्रजा', दुसऱ्याचा 'समाजवादी'. अध्यक्ष झोपडीवाले कृपलानी, सरचिटणीस वडवाले अशोक मेहता. चिन्ह मात्र झोपडी ठेवलं. मतं वडाची जास्त, जागा वडाच्या जास्त, आणि चित्र झोपडीचं. वडवाल्यांच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी चार-पाच महिने घसा कोरडा करून 'वडाच्या पेटीत टाका' सांगितलं होतं. आता त्यांना पुन्हा त्याच दारात जाऊन सांगायचं होतं, वड विसरा, झोपडी लक्षात ठेवा. असं सांगायला किती अवघड जातं हे कोणत्याही कार्यकर्तीला विचारा.

इथे मला एक गोष्ट जाणवते. निवडणूक आणि विलीनीकरण यांच्यात जेमतेम सात महिने गेले. वडवाले मे महिन्यात पचमढीला भरले होते. लोहिया त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. तिथे त्यांनी काँग्रेसपासूनही वेगळा आणि कम्युनिस्टांपासूनही वेगळा असा स्वतःचा रस्ता मांडला. त्यावर सावकाश विचार व्हायचा होता. तेवढ्यात एकी झाली. बेरीज आधी मांडली गेली आणि आपण नेमकं काय करणार, हे नंतर ठरवू म्हणून ठेवलं गेलं.

ते 'नंतर' फार लवकर आलं. जून १९५३ मध्ये मध्य प्रदेशात बैतूलला पक्षाची बैठक झाली. प्रश्न असा की, काँग्रेसशी वागायचं कसं? अशोक मेहतांचं म्हणणं, देश मागासलेला आहे, उभारणीचं काम मोठं आहे, जिथे पटतं तिथे सरकारला साथ देऊ. लोहियांचं म्हणणं, साथ देणाऱ्याला लोक विरोधक का म्हणतील? आपण अंतर राखून राहिलं पाहिजे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, असं मला वाटतं. पण एकाच घरात राहणाऱ्या दोघांनी, शेजाऱ्याशी बोलायचं की नाही, हे तरी आधी ठरवलेलं बरं.

दुसरा घाव दक्षिणेतून आला. प्रकाशम यांची गोष्ट आधी सांगते. १९५३ च्या १ ऑक्टोबरला आंध्र राज्य वेगळं झालं. त्याचे पहिले मुख्यमंत्री प्रकाशम झाले, पण त्यासाठी प्रजा समाजवादी पक्ष सोडून आणि काँग्रेसच्या पाठिंब्यावर. झोपडीतला एक मोठा वासा असा निघाला.

मग त्रावणकोर-कोचीन. आताच्या केरळाचा बराचसा भाग त्यात येतो. १९५४ मध्ये तिथे पट्टम थाणू पिल्लै यांचं सरकार आलं, प्रजा समाजवादी पक्षाचं, तेही काँग्रेसच्या पाठिंब्यावर. त्या राज्याच्या दक्षिण टोकाला तमिळ बोलणारी माणसं राहत. त्यांना मद्रास राज्यात जायचं होतं आणि त्यासाठी आंदोलन चाललं होतं. ११ ऑगस्ट १९५४ ला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं मेली. लोहिया तेव्हा उत्तर प्रदेशात तुरुंगात होते. पाणीपट्टीच्या वाढीविरुद्धच्या आंदोलनात त्यांना धरलं होतं. त्यांनी तुरुंगातून कळवलं की, आपल्या सरकारनं राजीनामा द्यावा. काँग्रेसच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या की आपण निषेध करतो, मग आपल्या पोलिसांनी घातल्या तर गप्प कसं बसायचं? सरकारनं राजीनामा दिला नाही. पक्षातल्या बहुतेक वडीलधाऱ्यांना लोहियांचं म्हणणं आततायी वाटलं.

लोहियांशी माझं सगळ्या बाबतीत पटतं असं नाही. भांडणाची त्यांना जरा जास्तच हौस होती, असं वाचताना वाटतं. पण या एका प्रश्नावर मी त्यांच्या बाजूची आहे. दुसऱ्याला लावलेला नियम स्वतःला लावायचा नसेल, तर नवा पक्ष काढायला एवढा खटाटोप कशाला?

पुढचं थोडक्यात सांगते. १९५५ च्या जानेवारीत काँग्रेसनंच आवडीच्या अधिवेशनात समाजवादी धर्तीची समाजरचना हे आपलं ध्येय म्हणून जाहीर केलं. आता समाजवाद्यांनी काय करायचं? अशोक मेहतांच्या भूमिकेवर मुंबईच्या मधू लिमये यांनी उघड टीका केली. मुंबईच्या शाखेनं त्यांना निलंबित केलं. लोहिया त्यांच्या बाजूला उभे राहिले, आणि १९५५ सरता सरता वेगळे होऊन त्यांनी पुन्हा समाजवादी पक्ष काढला. सव्वातीन वर्षं टिकली ती एकी. १९५७ च्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाला शंभरात दहा-साडेदहा मतं पडली. साडेसोळाची बेरीज मांडली होती, ती कागदावरच राहिली.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळं फुकट गेलं. तसं नाही. आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या एकत्र झालेल्या पक्षाची माणसं खूप कामाला आली. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी याच पक्षाचे. १९५७ मध्ये पुण्यातून नानासाहेब गोरे निवडून आले, कोकणात राजापुरातून नाथ पै निवडून आले. राजापूरकरांनी नाथ पैंना पुढे १९६२ आणि १९६७ मध्येही पाठवलं. मुंबईत गोरेगावला पाण्यासाठी लढणाऱ्या मृणालताई गोरे, ज्यांना लोक पाणीवाली बाई म्हणायचे, त्याही याच पठडीत घडलेल्या.

भंडाऱ्याची एक गोष्ट सांगते आणि पुढे जाते. १९५४ मध्ये तिथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि राखीव जागेवर बाबासाहेब आंबेडकर. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब हरले. दोघांचा मतदारसंघ एक, मतदार तेच, मतदानही एकाच दिवशी. याचा अर्थ तुमचा तुम्ही लावा.

आता ज्या बाईसाठी मी ही सगळी गोष्ट निवडली, तिच्याकडे येते. सुचेता कृपलानी. कृपलानींची बायको म्हणून नाही, तिचं नाव तिचंच होतं. बंगाली घरातली, माहेरची मजुमदार, जन्म अंबाल्याचा. बनारस हिंदू विद्यापीठात शिकवत होती. १९३६ मध्ये तिनं आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या कृपलानींशी लग्न केलं. घरच्यांना पसंत नव्हतं आणि आधी गांधीजींनाही नव्हतं. नौखालीत दंगलीनंतर गांधीजी गेले, तेव्हा तिथे ती कामाला होती. संविधान सभेतल्या १५ स्त्रियांपैकी एक. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच्या त्या बैठकीची सुरुवात तिच्या आवाजातल्या वंदे मातरमनं झाली.

किसान मजदूर प्रजा पक्षाला ज्या ९ जागा मिळाल्या, त्यातली एक नवी दिल्लीची होती आणि ती सुचेताताईंनी जिंकली होती. काँग्रेसच्या मनमोहिनी सहगल यांना हरवून. दोन बायांची लढत, देशाच्या राजधानीत, पहिल्याच निवडणुकीत. नवरा पक्षाचा संस्थापक आणि तो पडला. बायको निवडून आली. तो पुढच्या वर्षी भागलपूरच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आला, तोवर लोकसभेत घरचं माणूस तीच होती.

पुढे पक्षात जे चाललं होतं ते पाहून तिनं आपला निर्णय घेतला. ती काँग्रेसमध्ये परत गेली आणि १९५७ मध्ये त्याच नवी दिल्लीतून बैलजोडीवर निवडून आली. कृपलानी गेले नाहीत. तेही त्याच वर्षी सीतामढीहून निवडून आले, पण विरोधी बाजूनं. एकाच घरातली दोन माणसं, लोकसभेत समोरासमोर. १९६३ च्या ऑगस्टमध्ये नेहरूंच्या सरकारविरुद्ध देशातला पहिला अविश्वास ठराव आणला तो कृपलानींनी. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुचेताताई उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या, काँग्रेसच्या. भारतातल्या कोणत्याही राज्याची पहिली स्त्री मुख्यमंत्री. त्यांचा संसार शेवटपर्यंत टिकला.

मी एका बैठकीत हे सांगितलं, तर एक मावशी म्हणाल्या, "आमच्यात तर ग्रामपंचायतीला सासऱ्याच्या पॅनेलला मत दिलं नाही, तर आठ दिवस कुणी बोलत नाही." सगळ्या हसल्या. पण हसणं थांबल्यावर कुणीच काही बोलेना. मीही पुढचा विषय काढला नाही, थोडं तसंच राहू दिलं.

सुचेताताईंनी चिन्ह दोनदा बदललं, हेही खरं. १९५२ मध्ये त्यांना झोपडीवर मत देणाऱ्यांनी १९५७ मध्ये काय म्हटलं असेल? पण त्यांनी एक केलं. पक्ष बदलला तो मधेच जिंकलेल्या जागेला चिकटून नाही, नव्या निवडणुकीत नवं चिन्ह घेऊन लोकांपुढे उभ्या राहिल्या. लोकांना नको असतं तर पाडता आलं असतं. फोन करणाऱ्या ताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. पक्ष विलीन झाला तरी दिलेलं मत बदलत नाही. निवडून आलेला माणूस तोच राहतो, त्याच्यावरची पाटी बदलते. नवी पाटी तुम्हाला मान्य आहे का, हे पुढच्या मतदानाशिवाय कुणी तुम्हाला विचारत नाही. मधल्या काळात आपण विचारायचं असतं. सभेत, रस्त्यात, ते हळदीकुंकवाला आले तर तिथेही.

आता ते दुसरं कारण. आपल्या प्रभागात एका गावात दोन गट एक करायचं चाललं आहे. गावाचं नाव मी घेणार नाही, ऐकणाऱ्यांना कळेलच. एका गटात अकरा जणी होत्या, त्यातल्या सहा उरल्या. दोघी ऊसतोडीला जातात त्या सहा महिने नसतात म्हणून बाहेर पडल्या, एकीनं मुलीच्या बाळंतपणासाठी गाव सोडलं ती तिकडेच राहिली, दोघी वारल्या. दुसऱ्या गटात बारा आहेत, वह्या चोख, बँकेत पत चांगली. बँकेतले साहेब म्हणतात, एक व्हा, मोठं कर्ज देता येईल. मलाही वरून विचारणा होते, कधी करताय? कागदावर बेरीज छान दिसते. सहा आणि बारा अठरा.

पण बारा जणींच्या मनात आहे, त्या सहा जणींची थकबाकी आमच्या डोक्यावर येईल. आणि सहा जणींच्या मनात आहे, आम्ही नऊ वर्षं चालवलेल्या गटाचं नाव पुसलं जाईल, अध्यक्ष त्यांची, सचिव त्यांची, आम्ही फक्त सतरंजीवर बसायला. दोन्ही भीती खऱ्या आहेत. एकमेकींसमोर मात्र कुणीच बोलत नाही. मला बाजूला घेऊन दोघी दोघी सांगतात.

मी त्यांना घाई करू दिलेली नाही, आणि वरच्या कार्यालयालाही तसं कळवलं आहे. आधी दोन्ही गटांच्या वह्या एकाच सतरंजीवर उघडायच्या. कुणाची किती बचत, कुणाकडे किती येणं, हे नावानिशी मोठ्यानं वाचायचं. कर्ज फिरवण्याचा नियम दोघींकडे वेगळा आहे. एका गटात आजारपणाला त्याच दिवशी पैसे मिळतात, दुसऱ्या गटात बैठकीशिवाय रुपया निघत नाही. एक झाल्यावर कोणता नियम चालणार? पहाटे चार वाजता कुणाचं मूल तापानं फणफणलं, तर पेटीची किल्ली कुणाकडे? हे एक होण्याआधी ठरलं पाहिजे. बँकेचं जुनं कर्ज असेल तर शाखेत दोन्ही गटांच्या अध्यक्षांनी मिळून जायचं आणि त्याचं काय होणार, हे लेखी घ्यायचं. तोंडी 'होऊन जाईल' चालणार नाही. आणि या कशाचंच जमलं नाही, तर वेगळं राहायलाही हरकत नाही. सहा जणींच्या गटात नव्या बाया घेता येतात. वस्तीवर चार-पाच जणी अशा आहेत ज्यांना आजवर कुणी विचारलंच नाही.

येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता समाजमंदिरात बैठक आहे. दोन्ही गटांच्या सगळ्या अठरा जणींनी यायचं, अध्यक्ष-सचिवांनी तेवढं येऊन भागणार नाही. ऊसतोडीहून परतलेल्या दोघींनाही निरोप द्या, त्यांची बचत अजून वहीत आहे. येताना पासबुक, बचतीची वही, कर्जाची वही आणि ठरावाचं रजिस्टर आणा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी लेकीला किंवा सुनेला बरोबर घ्या, म्हणजे आकडे मोठ्यानं वाचताना कुणी तरी आपलं माणूस बघत असेल. ठरावावर सही किंवा अंगठा त्याच दिवशी मागणार नाही. त्यासाठी पुढची तारीख घेऊ.